माउंटच्या ओळीची वंशावळ

लिनक्स सर्व्हरवर ओरॅकलचा डेटाबेस असेल आणि त्याच्या फाइली नेटवर्कपलीकडच्या स्टोरेजवर असतील, तर 'एफएसटॅब' या फाइलमध्ये एक लांबलचक ओळ हमखास सापडते. आधी स्टोरेजचं नाव, मग माउंटची जागा, मग 'एनएफएस', आणि त्यापुढे स्वल्पविरामांनी जोडलेली ही माळ : आरडब्ल्यू, बीजी, हार्ड, नोइंटर, आरसाइझ=३२७६८, डब्ल्यूसाइझ=३२७६८, टीसीपी, अ‍ॅक्टिमिओ=०, व्हर्स=३, टाइमिओ=६००. ओरॅकलच्या सपोर्ट विभागाची ३५९५१५.१ या क्रमांकाची एक टीप आहे. कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आणि कोणत्या प्रकारची फाइल, त्यानुसार अशा ओळींचा तक्ताच तिच्यात दिलेला आहे. डीबीए तो तक्ता उघडतो, ओळ उचलतो, चिकटवतो आणि पुढच्या कामाला लागतो.

ही ओळ कुणी एका बैठकीत ठरवलेली नाही. तिच्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द वेगळ्या वर्षी, वेगळ्या अडचणीपोटी आला. काही अडचणी केव्हाच मिटल्या, शब्द मात्र राहिले. कोणता शब्द आजही डेटा वाचवतो आणि कोणता नुसत्या वहिवाटीने चालत आलाय, हे ओळखायचं असेल तर त्यांची मुळं शोधण्यावाचून गत्यंतर नाही.

पहिलं मूळ एनएफएसच्याही आधीचं आहे. फाइलमध्ये लिहायला सांगितलं की युनिक्स 'लिहिलं' म्हणून लगेच मोकळं होतं, पण मजकूर तेव्हा डिस्कवर गेलेला नसतो. तो कर्नलच्या बफरमध्ये असतो आणि सवडीने खाली उतरतो. जुन्या युनिक्समध्ये दर ३० सेकंदांनी हे बफर डिस्कवर रिकामे केले जात. लेख लिहिणाऱ्याला किंवा प्रोग्राम कंपाइल करणाऱ्याला यात काही वावगं वाटत नसे, कारण वीज गेलीच तर अर्ध्या मिनिटाचं काम बुडे. डेटाबेसला मात्र हे परवडत नाही. खात्यातून पैसे वळते झाल्याचं एकदा ग्राहकाला सांगितलं की ती नोंद डिस्कवर असलीच पाहिजे, आणि लॉगमधली नोंद मूळ ब्लॉकच्या आधीच उतरली पाहिजे.

बर्कली विद्यापीठात इंग्रेस हा डेटाबेस उभा करताना मायकेल स्टोनब्रेकर यांना हा सगळा त्रास झाला. जुलै १९८१मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'मध्ये त्यांनी त्यावर एक लेख लिहिला. ऑपरेटिंग सिस्टिम ज्या सेवा देते त्या डेटाबेससाठी एक तर फार संथ असतात किंवा गैरलागू, असा त्याचा सूर होता. कोणता ब्लॉक मेमरीत ठेवावा हे डेटाबेसला कर्नलपेक्षा जास्त कळतं, आणि कोणता ब्लॉक आधी लिहायचा हे तर फक्त डेटाबेसलाच ठाऊक असतं. मग एकच ब्लॉक दोन ठिकाणी कशाला साठवायचा? त्या काळी यावरची वाट म्हणजे रॉ डिस्क. फाइलसिस्टिमच नको, डेटाबेसने थेट डिस्कच्या पट्ट्यावर लिहावं. वेग मिळाला, पण फाइलींची नावं गेली, साधा 'एलएस' मारून काही दिसेना, आणि चुकीच्या डिस्कचं नाव टाइप झालं तर सगळं पुसलं जाई. तो जाच ज्यांनी सोसला, त्यांना पुढे फाइलींवरचा डेटाबेस किती हवाहवासा वाटला असेल!

त्याच बर्कलीतून बाहेर पडलेले बिल जॉय १९८२मध्ये स्थापन झालेल्या सन मायक्रोसिस्टिम्समध्ये गेले. सनच्या वर्कस्टेशनला स्वतःची डिस्क असेलच असं नव्हतं, कारण डिस्क महाग होती. फाइली एका सर्व्हरवर ठेवायच्या आणि बाकीच्या यंत्रांनी त्या नेटवर्कवरून आपल्याच असल्यासारख्या वापरायच्या, या गरजेतून नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजेच एनएफएस, जन्मली. रसेल सँडबर्ग आणि सहकाऱ्यांचा तिच्या रचनेवरचा निबंध १९८५चा.

त्या रचनेतला एक निर्णय आपल्या ओळीतल्या निम्म्या शब्दांचा पूर्वज आहे. सर्व्हरने काहीच लक्षात ठेवायचं नाही, असा तो निर्णय. कोणी कोणती फाइल उघडली, कुठपर्यंत वाचली, याची नोंदच नाही. प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असते : अमुक फाइलमधला अमुक जागेपासूनचा इतका मजकूर दे. त्यामुळे सर्व्हर कोसळून पुन्हा उभा राहिला तरी कोणाचं काही बिघडत नाही. क्लायंट तीच विनंती पुन्हा पाठवतो, सर्व्हर उत्तर देतो, काम पुढे चालू. पण यासाठी एक अट पाळावी लागते. सर्व्हरने 'लिहिलं' म्हणण्यापूर्वी मजकूर खरोखरच डिस्कवर उतरवलेला हवा, नाहीतर तो कोसळला की क्लायंटला मिळालेली पोच खोटी ठरेल. स्टोनब्रेकर ज्या हमीसाठी तळमळत होते, ती स्थानिक युनिक्सने दिली नाही. नेटवर्कच्या पलीकडच्या यंत्राला मात्र ती देणं भाग पडलं.

क्लायंटने तीच विनंती पुन्हा पाठवत राहायची, पण किती वेळ? 'हार्ड' म्हणजे सर्व्हर उत्तर देईपर्यंत. कन्सोलवर 'एनएफएस सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग' असं उमटतं आणि त्या फाइलींना हात लावणारा प्रत्येक प्रोसेस थिजून बसतो. 'डीएफ' मारला तर तोही परत येत नाही. 'पीएस'मध्ये अवस्थेच्या रकान्यात 'डी' दिसतो. असा सर्व्हर पाहिला की माणसाचा जीव कासावीस होतो, आणि 'सॉफ्ट' करून टाकू या असं कोणीतरी सुचवतंच. 'सॉफ्ट' म्हणजे ठरावीक प्रयत्नांनंतर हार मानून प्रोग्रामला इनपुट-आउटपुटची चूक कळवायची. हे फार गोंडस वाटतं. पण स्टोरेज अर्धा मिनिट गप्प राहिलं आणि तेवढ्यात डेटाबेसचं एखादं लेखन अर्धवट सोडलं गेलं, तर काय उतरलं आणि काय नाही हे कोणालाच सांगता येत नाही. थिजलेला डेटाबेस स्टोरेज परत येताच जिथल्या तिथे चालू लागतो. चुकीचं उत्तर मिळालेल्या डेटाबेसला मात्र रिकव्हरीतून जावं लागतं, आणि ती नेहमी सुखरूप पार पडतेच असं नाही. या ओळीतला एकच शब्द ठेवायची मुभा असेल तर मी 'हार्ड' ठेवीन. पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजातही एनएफएससाठी माउंटच्या बाजूची सक्त अट एवढीच आहे.

'नोइंटर' हा त्याचाच धाकटा भाऊ. थिजलेला प्रोसेस कंट्रोल-सी दाबून सोडवता यावा म्हणून 'इंटर' होता. डेटाबेसचं लेखन असं मध्येच तोडलं जाऊ नये म्हणून 'नोइंटर' लिहायची पद्धत पडली. लिनक्सने २००८च्या सुमारास, कर्नल २.६.२५पासून, हे दोन्ही शब्द निकामी केले. आता फक्त सिगकिलनेच असा प्रोसेस सुटतो. शब्द लिहिला तरी कर्नल तक्रार करत नाही, म्हणून तो नव्या सर्व्हरांवरही दिसतो. 'बीजी'ची कथा साधी आहे. मशीन बूट होताना स्टोरेज तयार नसेल तर बूट अडकून पडू नये, माउंटचे प्रयत्न मागे चालू राहावेत, एवढंच त्याचं काम.

'टीसीपी' हा शब्द मात्र रक्ताने लिहिलेला आहे असं मला वाटतं. सुरुवातीचं एनएफएस यूडीपीवर चाले. एकाच इमारतीतलं नेटवर्क, हलकाफुलका प्रोटोकॉल, त्यामुळे ते योग्यही होतं. एका वेळी जास्तीत जास्त ८ केबी जात. इथरनेटच्या पॅकेटमध्ये १५०० बाइट मावतात, म्हणून ८ केबीचे ६ तुकडे होत आणि त्यातला एक हरवला की सगळे ६ पुन्हा पाठवावे लागत. म्हणूनच टाइमआउट तोकडा होता. 'टाइमिओ' हा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात आणि यूडीपीसाठी तो पूर्वापार ७, म्हणजे ०.७ सेकंद होता. टीसीपी हरवलेला तुकडा स्वतःच पुन्हा पाठवतो, म्हणून त्याच्यावरचं एनएफएस घाई करत नाही. तिथे ६००, म्हणजे पूर्ण मिनिट. यूडीपीची ओळ तशीच ठेवून नुसतं 'टीसीपी' जोडलं आणि ७चा आकडा बदलायचा राहिला, तर किंचित मंदावलेल्या स्टोरेजवर क्लायंट उगाच त्याच त्या विनंत्यांचा मारा करतो. हे दोन शब्द जोडीनेच वाचायचे असतात.

पण टीसीपी अपरिहार्य ठरलं ते वेगापेक्षा गंभीर कारणाने. यूडीपीच्या प्रत्येक संदेशाला आयपीचा एक १६ बिटांचा क्रमांक मिळतो आणि एका संदेशाच्या सर्व तुकड्यांवर तोच क्रमांक असतो. पलीकडचं यंत्र क्रमांक बघून तुकडे जुळवतं. एखादा तुकडा हरवला तर उरलेले तुकडे वाट पाहत थांबतात, लिनक्समध्ये ३० सेकंद. आता गणित करू. १६ बिटांत क्रमांक मावतात ६५,५३६. प्रत्येक संदेश ३२ केबीचा धरला तर सगळे क्रमांक संपायला २ जीबी मजकूर लागतो. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला साधारण १२५ एमबी जातात, म्हणजे १७ सेकंदांच्या आसपास क्रमांकांचं चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. जुन्या संदेशाचे तुकडे तोवर वाट पाहतच असतात. त्याच क्रमांकाच्या नव्या संदेशाचा तुकडा जुन्याच्या रिकाम्या जागी जाऊन बसतो. अशी भेसळ पकडायला यूडीपीचा चेकसम आहे, पण तोही १६ बिटांचा. अशा ६५,५३६ भेसळींमागे साधारण एक निसटणारच. कोणतीही चूक न दाखवता एका ब्लॉकच्या पोटात दुसऱ्याच ब्लॉकचा मजकूर उतरतो. कितीतरी दिवसांनी तो ब्लॉक वाचायला जावं आणि ओरॅकलने ओआरए-०१५७८ म्हणून तो बिघडल्याचं सांगावं, तेव्हा कारण शोधायचं कुठे? लिनक्सच्या एनएफएसच्या मॅन्युअलमध्ये हा इशारा स्पष्ट दिलेला आहे, आणि अलीकडच्या कर्नलमध्ये यूडीपीवरचं एनएफएस मुळातच बंद असतं.

एवढं सगळं असूनही डेटाबेस एनएफएसवर आलाच का? सर्व्हरने डिस्कवर उतरवल्याशिवाय पोच द्यायची नाही, ही अट मूळची फार महाग होती. एका छोट्या लेखनामागे मजकुराचा ब्लॉक, आयनोड, कधी इनडायरेक्ट ब्लॉक, असं तीनदा डिस्कचं डोकं हलवावं लागे. त्यावर पहिला उतारा बॅटरीवर चालणाऱ्या मेमरीचा निघाला. लेगाटोचं प्रेस्टोसर्व्ह कार्ड सर्व्हरमध्ये बसवलं की मजकूर त्या मेमरीत पोचताच पोच देता येई, कारण वीज गेली तरी ती मेमरी टिके. १९९२मध्ये डेव्हिड हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांनी नेटअ‍ॅप काढली आणि त्यांनी या मेमरीभोवती सगळी फाइलसिस्टिमच रचली. त्यांच्या १९९४च्या निबंधात ती रचना तपशिलाने दिलेली आहे. बॅटरीच्या मेमरीत ब्लॉक न ठेवता आलेल्या विनंत्यांची नोंदवही ठेवायची, दर १० सेकंदांनी तरी डिस्कवर एक सुसंगत स्थिती उतरवायची, आणि जुना ब्लॉक कधीच जागच्या जागी खोडायचा नाही. जुने ब्लॉक जागेवरच राहत असल्याने स्नॅपशॉट जवळपास फुकट मिळू लागला. तासन्‌तास टेपवर बॅकअप घेणाऱ्या डीबीएला डेटाबेस बॅकअप मोडमध्ये टाकून क्षणात स्नॅपशॉट घेता येऊ लागला, तेव्हा रॉ डिस्कचा मोह संपला.

जून १९९५मध्ये आरएफसी १८१३ने एनएफएसची तिसरी आवृत्ती जाहीर केली; आपल्या ओळीतलं 'व्हर्स=३' तेच. दुसऱ्या आवृत्तीत फाइलमधली जागा ३२ बिटांत मोजत, त्यामुळे डेटाफाइल २ जीबीच्या पुढे नेणं कठीण होतं. तिसरीत ६४ बिट आले, ८ केबीची मर्यादा गेली, आणि आधी भराभर लिहून शेवटी एकदा 'कमिट' मागण्याची सोय झाली. 'आरसाइझ' आणि 'डब्ल्यूसाइझ' म्हणजे एका विनंतीत किती वाचायचं आणि किती लिहायचं; त्यांचा ३२७६८ हा आकडा त्या काळात रूढ झाला. यूडीपीचा संदेश ६४ केबीच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून त्याखालचा दोनाचा घात, ३२ केबी. आज टीसीपीवर लिनक्स एका विनंतीत १ एमबीपर्यंत नेऊ शकतं. ओरॅकलने टेबलभर वाचताना १ एमबीची मागणी केली तर ३२७६८च्या ओळीमुळे तिचे ३२ तुकडे होतात. यूडीपी गेलं, त्याने घालून दिलेली रेघ मात्र राहिली.

'अ‍ॅक्टिमिओ=०' २००१नंतरचा. फाइलचा आकार, बदलाची वेळ वगैरे गोष्टी क्लायंट काही काळ आपल्यापाशी जपून ठेवतो, फाइलींसाठी ३ ते ६० सेकंद. एकाच सर्व्हरवर डेटाबेस असेल तर याने काही बिघडत नाही. पण ९आय या आवृत्तीबरोबर ओरॅकलचं आरएसी आलं आणि एकच डेटाफाइल दोन-चार सर्व्हर एकाच वेळी लिहू लागले. एकाने फाइल वाढवली आणि दुसऱ्याला मिनिटभर जुनाच आकार दिसत राहिला, तर अनर्थच. म्हणून ही साठवण शून्यावर आणली. 'नोअ‍ॅक' याहून कडक आहे; तो आकाराची साठवण तर बंद करतोच, शिवाय प्रत्येक लेखन जागीच पूर्ण करायला लावतो. आता 'अ‍ॅक्टिमिओ=०' हाच शब्द ओरॅकलच्या प्रोग्राम फाइलींच्या माउंटवर चिकटवला की काय होतं ते पाहण्यासारखं आहे. साधं एसक्यूएलप्लस उघडायला वेळ लागतो. 'एनएफएसस्टॅट'मध्ये पाहिलं तर वाचन-लेखनापेक्षा 'गेटअ‍ॅटर'चेच आकडे फुगलेले असतात, कारण प्रत्येक लायब्ररी उघडताना तिचा आकार पुन्हा पुन्हा विचारला जातो. सपोर्टच्या टिपेत प्रोग्राम फाइली, डेटाफाइली आणि क्लस्टरच्या फाइली यांना वेगवेगळे रकाने आहेत ते याचसाठी. घाईत लोक एकच रकाना वाचतात.

१०जीच्या दुसऱ्या रिलीजपासून डेटाबेस स्वतःच माउंटची ओळ तपासू लागला. ती पसंत पडली नाही तर ओआरए-२७०५४ देऊन फाइल तयार करायलाच नकार. दुसरीकडे 'फाइलसिस्टिमआयओ_ऑप्शन्स' हा पॅरामीटर 'सेटऑल' केला की कर्नलचा बफर वगळून थेट वाचन-लेखन होऊ लागलं. स्टोनब्रेकर यांच्या तक्रारीवर हे जवळजवळ शब्दशः उत्तर होतं. आणि २००७मध्ये ११जीने शेवटचं पाऊल टाकलं. डायरेक्ट एनएफएस, म्हणजे ओरॅकलच्या प्रोसेसच्या पोटातच एनएफएसचा क्लायंट. ९आयच्या वेळी ओरॅकलने 'ओडीएम' नावाचा सांधा खुला केला होता आणि व्हेरिटासने त्यावर आपली लायब्ररी बसवली होती. व्हेरिटासचं मोठं विकासकेंद्र पुण्यात होतं, त्यामुळे हे नाव इथल्या अनेक इंजिनिअरांच्या ओळखीचं. त्याच सांध्यात ओरॅकलने आता स्वतःचा क्लायंट बसवला. कर्नलचा माउंट तरीही लागतोच, कारण 'एलएस'ला फाइली दिसायला हव्यात, आणि डायरेक्ट एनएफएस जमलं नाही तर डेटाबेस गुपचूप कर्नलच्या वाटेने जातो. ओळ बिघडलेली असेल तर ते त्या दिवशी कळतं.

या ओळीचं एक भावंड 'सिसकंट्रोल'च्या फाइलमध्ये राहतं. 'शममॅक्स', सेमाफोरचे चार आकडे, नेटवर्कच्या बफरांची कमाल, हे सगळं तिथलं. 'शममॅक्स', म्हणजे सामायिक मेमरीच्या एका तुकड्याची कमाल, हे सिस्टिम फाइव्हचं अपत्य. लिनक्सने २०१४मध्ये त्याची मूळची ३२ एमबीची मर्यादा प्रचंड वाढवली आणि तो प्रश्न संपला. पण तिथल्या एका आकड्याने मोठमोठी स्टोरेजं नाहक बदनाम केली. एका क्लायंटने एका वेळी किती विनंत्या उत्तराविना पाठवून ठेवाव्यात, याची जुन्या लिनक्समधली मर्यादा १६ होती. उत्तर यायला १ मिलिसेकंद लागत असेल तर सेकंदाला १६,००० विनंत्या होतात, आणि ओरॅकलचा ब्लॉक ८ केबीचा धरला तर साधारण १३० एमबी. गिगाबिटची तार जेमतेम तेवढीच नेते, म्हणून कोणाला ही मर्यादा जाणवली नाही. १० गिगाबिटची कार्डं आली आणि आकडा तिथेच अडला. तार रिकामी, स्टोरेज निवांत, डेटाबेस मात्र ताटकळलेला. मर्यादा १२८ केली की गाडी सुटत असे. पुढे कर्नलने ती आपोआप वाढेल अशी सोय केली, आणि २०१९च्या ५.३ कर्नलमध्ये 'एनकनेक्ट' आला : एकाच माउंटसाठी १६पर्यंत टीसीपी जोडण्या.

क्लाउडमध्येही हा वंश चालू आहे. अ‍ॅमेझॉनच्या ईएफएससाठी जे पर्याय सुचवले जातात त्यात एनएफएस ४.१, दोन्ही आकार १०४८५७६, 'हार्ड', 'टाइमिओ=६००' आणि 'रीट्रान्स=२' आहेत. 'नोइंटर' नाही, ३२७६८ नाही. ज्या शब्दांची अडचण जिवंत आहे तेवढेच शब्द पुढे गेले.

पोस्टग्रेसच्या वाटेवर मात्र मूळचा तंटा २०१८मध्ये पुन्हा पेटला. पोस्टग्रेस हा स्टोनब्रेकर यांनीच इंग्रेसनंतर १९८६मध्ये हाती घेतलेल्या प्रकल्पाचा वंशज. तो आजही कर्नलच्या बफरवर विसंबतो आणि शेवटी 'एफसिंक' करून हमी मागतो. एफसिंक अयशस्वी झालं तर पुन्हा करून पाहायचं, अशी त्याची रीत होती. लक्षात आलं ते असं की लिनक्स चूक एकदा कळवतं, न उतरलेलं पान उतरल्यासारखं धरतं, आणि पुढचं एफसिंक 'झालं' म्हणून परततं. नेटवर्क स्टोरेजवर हे जास्त झोंबतं, कारण पलीकडची जागा संपल्याची बातमी लिहिताना न येता बऱ्याचदा एफसिंकच्याच वेळी येते. फेब्रुवारी २०१९च्या सुधारित आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा वेळी पुन्हा प्रयत्न करत नाही. तो स्वतःला पाडतो आणि लॉगवरून सगळं पुन्हा उभं करतो. २०२३च्या १६व्या आवृत्तीत कर्नलचा बफर वगळण्याचा 'डीबग_आयओ_डायरेक्ट' हा पॅरामीटर आला आणि २०२५च्या १८व्या आवृत्तीत असिंक्रोनस वाचन आलं. बफर वगळण्याचं काम मात्र अजून विकासकांच्या चाचणीपुरतंच आहे.